डोक्याचा मुका मार आणि मनाचा धसका

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचे मिस्टर ३८ वर्षांचे, चाकण एमआयडीसीत सुपरवायझर, घर राजगुरुनगरला. सात महिन्यांपूर्वी रात्री मंचरहून परत येताना राँग साइडनं आलेल्या टेम्पोनं त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. डोक्यावर हेल्मेट होतं. काही मिनिटं शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन स्वच्छ आला, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मागे बसलेला मित्र मात्र जागीच गेला. धडक त्यांना आजही आठवत नाही. तेव्हापासून डोकेदुखी, चिडचिड, विसरणं, तुटक झोप, वाईट स्वप्नं, गाडीला हात न लावणं, आणि रोज रात्री झोपेची एक गोळी. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, ‘मेंदू ठीक आहे, हे मानसिक आहे.’ मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘डोक्याला मार आहे, आधी तिकडूनच नीट तपासून या.’ नातेवाईक म्हणतात, अपघाताच्या भरपाईच्या दाव्यातल्या पैशासाठी नाटक चाललंय. आणि तुम्ही विचारता: हे मेंदूचं की मनाचं? बरं होईल का? आणि त्या मित्राच्या आईला भेटायला ते अजून गेलेले नाहीत, त्यांना न्यावं का?

मी साताऱ्यात २२ वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. महामार्गालगतचं गाव, त्यामुळे अपघातातून वाचलेली माणसं सतत येतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण नेमकी हीच दोन वाक्यं दोन दवाखान्यांतून घेऊन आलेले असतात. तुमच्या मिस्टरांना मी तपासलेलं नाही, म्हणून हे निदान समजू नका. मी अशा माणसाकडे कशी बघते, ते सांगते.

बाकी सगळ्याच्या आधी एक. ‘त्याच्याऐवजी मी जायला हवा होतो’ असं ते दोनदा म्हणाले, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती ओळ सोडू नका. आज-उद्या, घरात दोघंच असताना, सरळ विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तो असला तर आधीच तिथे असतो, आणि माणूस कुणीतरी विचारावं याची वाट बघत असतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तरच आलं नाही आणि तुम्हाला धाकधूक वाटली, तर त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात जाऊ द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता मूळ प्रश्न. ‘मेंदूचं की मनाचं’ हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण सात महिने तो दारावरच्या कुलपासारखा वापरला गेलाय. इकडचं ठरेपर्यंत तिकडे उपचार नाहीत आणि तिकडचं ठरेपर्यंत इकडे नाहीत. माझ्या अनुभवात असे रुग्ण बहुतेक वेळा दोन्हींचे असतात, आणि कुठल्या त्रासाचा किती वाटा कशाचा, हे पैशा-पैशाचं ठरवल्याशिवायही उपचार सुरू करता येतात. किंबहुना उपचार सुरू केल्यावरच ते नीट कळायला लागतं.

आपल्याकडे यासाठी दोन फार नेमके शब्द आहेत, ते मी रुग्णांशी बोलताना नेहमी वापरते. एक मुका मार आणि दुसरा धसका.

आधी मार. मेंदू ताज्या खरवसासारखा मऊ असतो. डोकं वेगात असताना एकदम थांबलं की आत तो हिंदकळतो, त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधलं रसायनांचं गणित काही काळ बिघडतं आणि ते सावरायला मेंदूला जास्त शक्ती लागते. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाडाची चीर दिसते. हा ताण दिसत नाही. म्हणून सीटी स्वच्छ याचा अर्थ ‘ऑपरेशन करावं लागेल असं काही नाही’ एवढाच घ्यायचा. ‘काही झालंच नाही’ असा नाही. शुद्ध गेली असेल तर ३० मिनिटांच्या आत परत आली, गोंधळ आणि विस्मरण २४ तासांच्या आत संपलं, आणि ग्लासगो कोमा स्केलवर (माणूस किती शुद्धीत आहे हे मोजायची मोजपट्टी) गुण १३ ते १५ च्या दरम्यान होते, तर त्या माराला सौम्य म्हणतात. तुमच्याकडच्या डिस्चार्ज कार्डवर ‘जीसीएस’ असं लिहून पुढे आकडा असेल, तो बघा. विस्मरणाचा काळ मोजताना मात्र एक चूक नेहमी होते. पहिली आठवण कुठली, हे विचारलं जातं. विचारायला हवं ते हे की सलग आठवायला कधीपासून लागलं. अँब्युलन्सचा निळा दिवा आठवतो पण त्यानंतरचे सहा तास कोरे आहेत, असं असेल तर ते सहा तासही मोजायचे.

अशा सौम्य मारातून बहुतेक प्रौढ माणसं काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत पूर्वपदावर येतात. थोड्या जणांचं लांबतं. पण या माराची एक चाल असते: पहिले दिवस सगळ्यात वाईट आणि नंतर हळूहळू उतार. तुम्ही लिहिलंय की पहिले दोन-तीन महिने त्रास असूनही ते बरेच सावरले होते, कामावर गेले, आणि चौथ्या महिन्यापासून बिघडत गेलं. हे वाचून माझे कान टवकारले. उलटी चाल दिसली की मी शोधायला लागते, की मारानंतर याला खतपाणी कशाचं मिळतंय.

एक अपवाद इथेच सांगते. डोक्यात सावकाश साचणारा रक्तस्राव पहिल्या स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही आणि काही आठवड्यांनी त्रास देतो. वयस्कर माणसांत, दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. डोकेदुखी दिवसागणिक चढत असेल, उलट्या, गुंगी, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि स्कॅन पुन्हा करून घ्या. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकेल.

आता धसका. वैद्यकीय नाव पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा तणावाचा आजार. अमेरिकन मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत हे नाव १९८० साली आलं, माणसं मात्र धसका त्याआधीपासून घेत होती. जीवावर बेतलेल्या प्रसंगानंतर महिन्याहून जास्त काळ चार गोष्टी टिकून राहिल्या तर हे निदान होतं. प्रसंग पुन्हा पुन्हा घुसून येणं, स्वप्नात किंवा जागेपणी. त्याची आठवण देणारी जागा, माणसं, बोलणं टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मत काळवंडणं, अपराधीपणा, जवळच्यांपासून तुटल्यासारखं होणं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं: दचकणं, भडकणं, झोप न लागणं.

गोंधळ होतो तो इथे. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, विसरणं, थकवा, आवाज सहन न होणं, या गोष्टी दोन्ही यादींत आहेत. म्हणून यादीवर खुणा करून काही कळत नाही. मी प्रत्येक त्रासाला वेगळं पकडून विचारते: कधी होतं, कुठे होतं, आणि तेव्हा तुम्ही काय करता?

आवाजाचंच घ्या. घरातला मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नातला डीजे, दुकानातल्या ट्यूबलाइट्स या सगळ्यांनी सारखंच डोकं उठत असेल, अंधाऱ्या खोलीत पडलं की बरं वाटत असेल, तर ते माराकडे किंवा मारानंतर जाग्या झालेल्या अर्धशिशीकडे झुकतं. मिक्सर चालतो, पण ट्रकचा हॉर्न किंवा ब्रेक दाबल्याचा चिरका आवाज आला की छाती धडधडते आणि हात जवळची वस्तू घट्ट धरतो, तर तो धसका. एक एसटीचालक माझ्याकडे यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पहिल्या दिवशी ते डोकं दुखतं एवढंच सांगत होते. खिडकीखालच्या रस्त्यावर एक कंटेनर मागे घेत होते, त्याची टीं-टीं सुरू झाली. त्यांचं बोलणं थांबलं नाही, पण उजवा पाय जमिनीवर दाबला गेला आणि आवाज बंद होईपर्यंत तसाच राहिला. पाय कुठे आहे ते मी विचारलं, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. चार महिने त्यांच्या डोक्याचेच फोटो निघत होते.

विसरण्याचंही तसंच. तुम्ही लिहिलंय, ‘चार गोष्टी सांगितल्या तर दोनच आणतात.’ चिठ्ठी न देता चार गोष्टी सांगा, लगेच परत म्हणायला लावा. लगेचच म्हणता आल्या नाहीत तर त्या आत गेल्याच नाहीत. तो लक्षाचा प्रश्न आहे, स्मरणाचा नाही. ज्याचं निम्मं लक्ष रात्रंदिवस धोका शोधण्यात गुंतलंय, जो साडेतीन तास झोपतो आणि वर झोपेच्या गोळीची पेंग घेऊन दिवस काढतो, त्याच्याकडे किराण्याच्या यादीसाठी लक्ष उरणार कुठून? माझ्याकडे येणाऱ्यांत ‘माझी मेमरी गेली’ म्हणणाऱ्या बहुतेकांची अडचण लक्षाची निघते. झोप आणि धसका सुधारला की तीही सुधारते. सगळ्यांचीच नाही, आणि म्हणून सहा-आठ महिन्यांनंतरही अडचण राहिली तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूचं लक्ष, स्मरण वगैरे मोजणारे मानसशास्त्रज्ञ) सविस्तर चाचण्या करून घ्याव्यात. झोप आणि गोळ्या ताळ्यावर यायच्या आधी त्या चाचण्या केल्या तर आकडे वाईट येतात आणि माणूस आणखी खचतो, म्हणून मी घाई करत नाही.

या दोन्हींची गाठ किती घट्ट असते, ते दाखवणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. इराकमधून परतलेल्या २,५२५ अमेरिकी सैनिकांची पाहणी केली होती. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्के जण पीटीएसडीच्या निकषांत बसले. इतर जखमा झालेल्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि धसका व नैराश्य यांचा वाटा बाजूला काढल्यावर, शारीरिक तक्रारींपैकी डोकेदुखी सोडून जवळजवळ कशाचाच माराशी थेट संबंध उरला नाही. युद्ध आणि रस्ता एक नव्हे, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. पण दिशा माझ्या रोजच्या कामाशी जुळते: मार धसक्याची शक्यता वाढवतो, आणि माराच्या नावावर खपणारा बराच त्रास पुढे धसका चालवत असतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला, तेव्हाही वाद हाच होता, की तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदू दुखावला की भीतीनं मन. शंभर वर्षं उलटली तरी तुमच्या हातात त्याच वादाच्या दोन चिठ्ठ्या आल्या.

तुमच्या दिरांनी विचारलेला प्रश्न खरंच चांगला आहे: ‘धडक आठवतच नाही, तर भीती कशाची?’ माझ्या क्षेत्रातल्या लोकांनाही हा प्रश्न बराच काळ पडला होता. आठवण नसेल तर पीटीएसडी होणारच नाही असं काही जण मानत. १९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञानं एक छोटी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवं काही लक्षातच राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही रोज नवे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून बाईंशी हस्तांदोलन केलं. पुढच्या वेळी बाईंनी हात मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. आठवण सांगणारा मेंदू आणि भीती जपणारा मेंदू वेगवेगळे चालू शकतात. शिवाय कोरा भाग सहसा फक्त धडकेचा असतो. शुद्धीवर आल्यावर दिसलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं आठवत असतंच.

आणि जे कोरं राहतं ते रिकामं राहत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे माणूस काहीतरी भरतो. पोलिसांच्या पंचनाम्यातलं, मदतीला धावलेल्यांच्या तोंडचं, आणि गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेले ते फोटो. तुम्ही लिहिलंय की ते फोटो त्यांच्या फोनमध्ये अजून आहेत आणि ते रात्री बघतात. स्वप्नात जे येतं ते बऱ्याचदा प्रत्यक्ष घडलेलं नसतंच. मागाहून उभं केलेलं चित्र असतं, आणि त्या चित्रात दोष नेहमी स्वतःचा असतो. ‘मी वेगात असणार.’ ‘मी त्याला चल म्हणालो.’

माझ्याकडे मी एक कोरा कागद आडवा धरायला लावते आणि तीन रकाने आखायला सांगते: आठवतं, सांगितलं, वाटतं. मग ती रात्र घड्याळाप्रमाणे भरायची. त्या एसटीचालकांचा कागद अजून डोळ्यासमोर आहे. ‘आठवतं’मध्ये: टपरीवर चहा, दहाची नोट, गाडी सुरू केली. मग मोठी मोकळी जागा. मग: तळव्याला काचा, कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, डिझेलचा वास. ‘सांगितलं’मध्ये: समोरच्या गाडीला दिवे नव्हते. ‘वाटतं’मध्ये सगळ्यात मोठं अक्षर: ‘डुलकी लागली असेल.’ ते वाक्य सहा महिने ते ‘आठवतं’च्या रकान्यात धरून बसले होते. ते वाक्य एका रकान्यातून दुसऱ्यात जायला आम्हाला तीन बैठका लागल्या. त्यांनी ते स्वतःच्या हातानं खोडून पलीकडे लिहिलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. हा कागद घरी करायचा प्रयत्न करू नका. तो उघडल्यावर जे वर येतं ते सावरायला जाणतं माणूस समोर लागतं. फोटो मात्र आजच हलवा. त्यांना सांगून, त्यांच्या संमतीनं, दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. दाव्यासाठी लागू शकतात म्हणून नष्ट करू नका.

आता उपचारांचा क्रम. ‘मेंदू पूर्ण बरा झाल्यावर मनाचं बघू’ हे मला पटत नाही. सौम्य मार आहे म्हणून धसक्याचे उपचार थांबवायचं कारण नाही. हे उपचार अशा रुग्णांतही लागू पडतात. पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत मी पायाखालची जमीन घट्ट करते.

त्यात पहिली झोप. घोरणं फार असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याची तपासणी. रात्रपाळी तूर्त बंद. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना चिठ्ठी देऊन तीन महिने पहिली पाळी मागून घ्या. ती झोपेची गोळी, तुम्ही नाव क्लोनाझेपाम लिहिलंय, पहिले काही दिवस दिली गेली असेल तर समजू शकते. सात महिने नको. धसक्यात या जातीच्या गोळ्या उपयोगाच्या ठरत नाहीत, आणि मार लागलेल्या मेंदूचं लक्ष आणखी मंदावतात. पण अचानक बंद केल्या तर झोप पार उडते, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्या-आठवड्यानं कमी करायची.

दुसरी डोकेदुखी. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेत असतील तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवत असण्याची दाट शक्यता आहे. एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांत ही मर्यादा १० दिवसांचीच. कॅलेंडरवर घेतलेल्या प्रत्येक गोळीची फुली मारा, महिनाभरात स्वच्छ दिसेल. मानेची तपासणीही करून घ्या, कारण असल्या अपघातात मान हमखास लचकते आणि दुखणं मागून डोक्यात चढतं.

तिसरी चक्कर. ‘कुशीवर वळलं की घर फिरतं, मिनिटभरात थांबतं’ असं तुम्ही लिहिलंय. हे बहुधा कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळे. मारानंतर हे सर्रास होतं, आणि डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते खडे जागी नेता येतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा शिकलेले फिजिओथेरपिस्ट पाच-दहा मिनिटांत करतात, बऱ्याच जणांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. सात महिने कुणी हे केलेलं नसेल तर मला वाईट वाटतं, कारण घर फिरत असलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ सांगणं व्यर्थ आहे.

विश्रांतीबद्दल एक. मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस पडून राहणं ठीक. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे काढण्यानं बरं होणं लांबतं. रोज थोडं चालणं, थोडं काम, त्रास किंचित वाढला तरी चालेल पण तासाभरात उतरला पाहिजे, एवढं माप धरा.

मग धसक्याचे खरे उपचार. आघातावर केंद्रित असे काही ठरलेले मानसोपचार आहेत, साधारण ८ ते १५ बैठकांचे. काहींत त्या रात्रीची गोष्ट सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीनं जायचं असतं. काहींत ‘माझ्यामुळे गेला’ अशा अडकून बसलेल्या वाक्यांची उलटतपासणी होते. ईएमडीआर नावाची, डोळ्यांची ठरावीक हालचाल करत आठवण हाताळायची पद्धतही आहे. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत, अपराधीपणा इतका ठळक असताना, मी वाक्यांपासून सुरुवात केली असती. मार लागलेल्यांसाठी मी बैठक छोटी ठेवते, प्रत्येक गोष्ट लिहून देते, फोनवर रेकॉर्ड करू देते, आणि शेवटची दहा मिनिटं घरच्यांना आत बोलावते. गोळ्यांत सरट्रलीन, पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीन यांचा उपयोग होतो. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. कुठली, किती, हे बघणारे डॉक्टर ठरवतील, आणि डोकेदुखीसाठी कुणी वेगळं औषध दिलं असेल तर दोघांनीही एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिलेल्या असल्या पाहिजेत. हे काम तुम्हाला करावं लागेल. एकच फाइल, दोन्हीकडे तीच.

असे उपचार शिकलेली माणसं प्रत्येक तालुक्यात मिळत नाहीत, हे मी जाणून आहे. तुम्ही पुण्याच्या जवळ आहात, ती जमेची बाजू. फोन करताना ‘काउन्सेलिंग करता का’ विचारू नका. ‘पीटीएसडीसाठी आघातकेंद्रित उपचार करता का, किती जणांवर केलेत’ असं विचारा. ऑनलाइन बैठकाही चालतात. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथून सुरुवात करा.

घरच्यांबद्दल थोडं, आणि हे प्रेमानं लिहिते. ते चाकणला कंपनीच्या बसनं जातात, पडदा ओढून, डोळे मिटून. महामार्गावरून जायचं म्हटलं की भाऊ गाडी काढतो. टीव्हीवर अपघाताची बातमी आली की तुम्ही चॅनल बदलता. सगळं मायेपोटी. पण प्रत्येक वेळी टाळल्यावर भीतीला वाटतं, आपण टाळलं म्हणूनच वाचलो. एकदम सगळं काढून घेऊ नका. थेरपिस्टबरोबर ठरवून एकेक पायरी उतरवा. बसचा पडदा अर्धा उघडा, हीसुद्धा पायरी आहे. मोटरसायकल त्यांना स्टँडवर लावून नुसती पुसू दे, मग इंजिन सुरू करून बंद करू दे, मग गल्लीत, दिवसा. चक्कर थांबल्याशिवाय आणि झोपेची गोळी सुटल्याशिवाय रस्त्यावर नाही, आणि कामावर चालत्या मशीनजवळही एकटे नाही.

नातेवाइकांचं नाटकाचं बोलणं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालू असणं आणि त्रास खरा असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नाटक करणारा माणूस मुलीच्या वाढदिवसाला दारामागे उभा राहून रडत नाही. तुम्हीच ते पाहिलंय. कागद मात्र नीट ठेवा: डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, प्रत्येक तपासणीची तारीख, रजेचा हिशेब. मानसिक त्रासाचीही नोंद वैद्यकीय कागदावर येऊ द्या. आणि आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं, हे एजंटला सांगा.

बरं होईल का? बरंचसं, असं मी म्हणेन. पण किती आणि कधी हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. आधी कधी डोक्याला मार लागला होता का, दारू किती, आधीपासून अर्धशिशी किंवा उदासपणा होता का, कामावर सांभाळून घेतात का. या सगळ्याची उत्तरं चांगली असली आणि उपचार नेमाने झाले, तर चार-सहा महिन्यांत घरात फरक जाणवावा. डोकेदुखी आणि लवकर थकणं सर्वात शेवटी जातं, कधी थोडं राहतंही. ‘तुमचा मेंदू कायमचा खराब झालाय’ असं त्यांना कुणी सांगितलं असेल तर ते मनावरून पुसायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून विनंती की घरात कुणी हे वाक्य वापरू नये.

आता त्या माउलीची भेट. जबरदस्तीनं, कुणाच्या सांगण्यावरून, वर्षश्राद्धाच्या गर्दीत नेऊ नका. पण कायमची टाळूही देऊ नका. माझ्या मते या सगळ्या टाळाटाळीच्या मुळाशी तेच घर आहे. अपराधीपणाच्या वाक्यांवर काम झाल्यावर, साधारण सहाव्या-सातव्या बैठकीच्या पुढे, ते स्वतःच विषय काढतील. त्याआधी तुम्ही एकट्या जाऊन या. त्यांना विचारा, ‘हे आले तर चालेल का तुम्हाला?’ त्या काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. काही आया दार लावून घेतात, काही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. जे उत्तर येईल ते थेरपिस्टला सांगा. आणि जायचं ठरलं तर दिवसा जा, बसनं जा, दोघंच जा. तिथे त्यांना काय बोलायचं ते पाठ करून देऊ नका. चपला काढून ते आत गेले आणि काही न बोलता बसून राहिले, तरी पहिल्या भेटीला तेवढं पुरे.